तोंड येणं, पायाची सूज, खोकल्यातून रक्त: बेहचेत आजारानं रक्तवाहिन्या धरल्या तेव्हा

द्राक्षबाग_तासगाव

नमस्कार. वर्षभर इथं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबलचक होईल, पण तुटक सांगून उपयोग नाही.

आमची तासगाव भागात द्राक्षबाग आहे. यजमान चौतीस वर्षांचे. लग्न झाल्यापासून मी बघते, ह्यांचं दर महिना-दीड महिन्यानं तोंड यायचं. साधं नव्हे. जिभेच्या कडेला, गालाच्या आत, घशापाशी पांढरे खड्डे पडायचे. भाकरी दुधात कुस्करून खायची वेळ यायची. सासूबाई म्हणायच्या, उष्णता आहे. गुलकंद झाला, सब्जा झाला, जाईचा पाला चावून झाला, बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांची तर पाकिटंच्या पाकिटं झाली. बागेत औषध मारतात त्याचा परिणाम असेल असंही सगळ्यांना वाटायचं.

दुसरी गोष्ट मला दिसत होती, पण तिला काही अर्थ असेल असं वाटलं नव्हतं. छाटणीत काडीचं टोक हाताला लागलं, नुसतं ओरखडलं, तरी दोन दिवसांनी त्याच जागी पुवाची पुळी यायची. सुई टोचली, सलाईन लावलं, तरी तिथं पुळी. मजूर बायकांचे हात आठवडाभर ओरखडलेले असतात, त्यांना असलं काही होत नाही. आमच्याच माणसाला का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला होता. डॉक्टरांना कधी विचारला नाही.

तिसरी गोष्ट लिहायला जड जातंय, पण तीच महत्त्वाची आहे. लघवीच्या जागेजवळ ह्यांना फोड यायचे, खोल आणि दुखरे. ते भरून आले तरी वण राहायचे. त्यांनी माझ्यापासून लपवलं. मला कळलं तेव्हा माझ्या मनात जे यायचं ते आलंच. सहा महिने आमच्यात नीट बोलणं नव्हतं. गुपचूप तपासण्या केल्या, एचआयव्ही आणि गुप्तरोगाच्या सगळ्या निगेटिव्ह आल्या. तरी मनातली अढी गेली नव्हती. त्या सहा महिन्यांचं मला आजही वाईट वाटतं.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत, ऐन माल काढणीत, डावी पोटरी सुजली. उभं राहून राहून सुजली असेल म्हणून तेल चोळलं. मांडीपर्यंत सूज चढली तेव्हा डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, केली. आतल्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी, डीव्हीटी. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी नीट उपचार केले, माझी तक्रार नाही. पण एवढ्या तरण्या माणसाला, ना ऑपरेशन झालेलं, ना अंथरुणाला खिळलेला, गुठळी झालीच का, हे तेव्हा कुणीच विचारलं नाही. आम्हीही नाही.

मे महिन्यात, खरड छाटणी उरकल्यावर, एका रात्री खोकल्यातून रक्त आलं. आधी थुंकीत धागे, मग पहाटे वाटीभर. लाल, फेसाळ. टीबी म्हणून घरात सगळे हबकले. गाडीनं सांगलीला नेलं. थुंकीत टीबीचे जंतू नव्हते. तिथं एक तरुण फिजिशियन होते. त्यांनी फाईल बाजूला ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला, "वरचेवर तोंड येतं का?"

मी हो म्हटलं. डोळे कधी लाल होऊन दुखलेत का? हो, दोन वर्षांपूर्वी, डोळे आलेत म्हणून थेंब घातले होते. मग त्यांनी विचारलं, खाली कुठं फोड? हे मान खाली घालून गप्प. खोलीत सासरे होते, नर्स होत्या. मी पर्समधल्या किराणाच्या यादीमागं लिहिलं, "हो, खाली पण. चार वेळा. वण आहेत." आणि कागद डॉक्टरांच्या हातात दिला.

त्यांनी वाचला, घडी करून खिशात घातला आणि लगेच छातीचं सीटी ॲन्जिओ सांगितलं. फुफ्फुसाकडं रक्त नेणाऱ्या मोठ्या वाहिनीच्या फांद्यांवर दोन फुगवटे निघाले. फुग्यासारखे, भिंत पातळ झालेले. त्यांतलाच एक झिरपत होता. आणि आम्ही तीन महिने रक्त पातळ करत होतो.

आजाराचं नाव बेहचेत. डॉक्टर लोक बेशेट्स म्हणतात. हुलुसी बेहचेत नावाच्या इस्तंबूलच्या त्वचारोगतज्ज्ञानं १९३७ मध्ये तोंडातले फोड, जननेंद्रियावरचे फोड आणि डोळ्याची सूज हे तिन्ही एकाच आजाराचे आहेत असं मांडलं, म्हणून त्यांचं नाव. हा संसर्ग नाही, नवऱ्याकडनं बायकोला लागत नाही. ते वाक्य ऐकल्यावर मी दवाखान्याच्या जिन्यात जाऊन रडले.

पुढचे उपचार खाली लिहीन. आत्ता मुलीला झोपवायचंय.

मिरजकर_मावशी

बाई गं. वाचतेय. सावकाश लिही, घाई नाही.

संधिवातवाली

ताई, तुम्ही फार मोलाचं लिहिलंय. मी संधिवात विभागात काम करते, डॉक्टर आहे. नाव देत नाही, आणि इथं कुणाला औषध सांगणार नाही. पण गुठळीबद्दल थोडं सांगते, कारण खरा धोका तिथं आहे.

नेहमीच्या डीव्हीटीत शीर आतून बऱ्यापैकी ठीक असते, रक्त साचून गोठतं. ती गुठळी सैल असते, सुटून फुफ्फुसात जाऊ शकते, म्हणून रक्त पातळ करणं हाच मुख्य उपचार. बेहचेतमध्ये शिरेची भिंतच सुजलेली असते आणि गुठळी त्या सुजलेल्या भिंतीला घट्ट चिकटून बसते. ती सुटून जाणं कमी, पण भिंतीची सूज आहे तोवर गुठळ्या होत राहणार. पाटात गाळ साचला तर पाणी सोडून काढता येतो, पण पाटाची भिंतच आत फुगली असेल तर आधी भिंतीचं काम करावं लागतं. म्हणून इथं स्टिरॉईड आणि प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं आधी. रक्त पातळ करायची गोळी द्यायची की नाही हे नंतर, आणि तेही छातीत फुगवटा नाही याची खात्री करून मगच. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात.

मोठ्या धमनीच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या असतात. त्याच सुजल्या की भिंत कमजोर होते आणि फुगते. फुफ्फुसाच्या धमनीचा फुगवटा बेहचेतच्या मोजक्याच रुग्णांना होतो, पण ज्यांना होतो त्यांतल्या बहुतेकांच्या पायात आधीच गुठळी असते. मग खोकल्यातून रक्त आलं की "पायातली गुठळी फुफ्फुसात गेली" असा समज होतो आणि रक्त आणखी पातळ केलं जातं. तिथं माणूस दगावतो. जुन्या काळी असे जवळजवळ निम्मे रुग्ण जायचे. आता वेळेत ओळखलं तर चित्र खूप बदललंय.

आणि हे ठळक वाचा: हे वाचून कुणीही आपल्या मनानं रक्त पातळ व्हायच्या गोळ्या बंद करू नका. डीव्हीटी झालेल्या बहुसंख्य लोकांना बेहचेत नसतो आणि त्यांना ती गोळी जीव वाचवणारी असते.

विट्याचा_बाळू

माफ करा, पण मला हा धागा थोडा घाबरवणारा वाटतो. तोंड येणं घरोघरी असतं. माझंच वर्षातनं दोनदा येतं. आता लोक उठून सीटी स्कॅन करायला पळतील. ताईंचं दुःख मोठं आहे, त्याबद्दल शंका नाही.

द्राक्षबाग_तासगाव

बाळूदादा, बरोबर आहे तुमचं. शंभर जणांचं तोंड आलं तर त्यात बेहचेत एखादाही निघणार नाही. मला डॉक्टरांनी सांगितलेलं असं: तोंड वर्षातनं तीनदा तरी येतंय, आणि त्याच्या जोडीला खालचे फोड, डोळ्याची सूज, अंगावर पुवाच्या पुळ्या किंवा पायावर दुखऱ्या लाल गाठी, टोचलेल्या जागी पुळी, यांतल्या दोन तरी गोष्टी आहेत, तर विचार करायचा. एकट्या तोंडावरनं काहीच ठरत नाही. नुसत्या रक्ताच्या तपासणीनं हा आजार पकडता येत नाही, सगळं जोडून बघावं लागतं.

आमच्याकडं सगळं होतं. पण तोंड दाताच्या डॉक्टरकडं, डोळा चष्म्याच्या दुकानात, पाय तालुक्याला, आणि खालचं कुणाकडंच नाही. चार ठिकाणी चार तुकडे. एका टेबलावर कधी आलेच नाहीत.

टोचलेल्या जागेवरच्या पुळीचं ऐका. सांगलीत नर्सनी ह्यांच्या हातावर निर्जंतुक सुई टोचली, पेनानं गोल केला आणि दोन दिवसांनी बघितलं. गोलाच्या मधोमध पुळी. त्याला पॅथर्जी टेस्ट म्हणतात. मी वर्षानुवर्षं बागेत ती टेस्ट बघत होते, फक्त मला नाव माहीत नव्हतं.

वाईची_लेक

माझ्या भावाला बेहचेत आहे, त्याचं डोळ्यापासून सुरू झालं. साथीत डोळे येतात तेव्हा चिकट घाण येते, खाज येते. ह्याचं तसं नव्हतं. डोळा लाल, आतून ठणकायचा, उजेड सहन व्हायचा नाही आणि धूसर दिसायचं. एकदा तर बुब्बुळाच्या खालच्या बाजूला पांढरा थर दिसला, तो पू होता. आम्ही दुकानातनं थेंब आणून घालत राहिलो. डाव्या डोळ्यानं आता त्याला फक्त बोटं मोजता येतात. डोळ्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्याही ह्याच आजारानं सुजतात, हे आम्हाला उशिरा कळलं. ज्यांना हा आजार आहे त्यांनी डोळ्याला त्रास नसला तरी तपासून घ्या. चष्म्याच्या दुकानात नाही, डोळ्याच्या डॉक्टरकडं.

कोरेगावकर

आमच्या मेहुण्यांचा बेहचेत डोक्यात गेला. तीन आठवडे डोकं दुखत होतं, वाकलं की जास्त, सकाळी जास्त, मध्येच दिसायचं अंधुक. अर्धशिशी म्हणून वेदनाशामक चालू होतं. साताऱ्यात एका डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारून आतली नस बघितली, ती सुजली होती. एमआर व्हेनोग्राफीत मेंदूतनं रक्त परत आणणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी. तोंड येण्याचा इतिहास होताच. आता ठीक आहेत, नोकरीवर जातात.

मिरजकर_मावशी

म्हणजे हा आजार कुठलीही नळी धरतो?

संधिवातवाली

हो मावशी, लहान, मोठी, शीर, धमनी, कुठलीही. इतर बहुतेक वाहिन्यांचे आजार ठरावीक आकाराच्या वाहिनीला धरतात, बेहचेत तसं बंधन पाळत नाही. शिरा जास्त, धमन्या कमी. पायाची शीर सगळ्यात जास्त वेळा. यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा बंद झाल्या तर पोटात पाणी होतं, ते फार गंभीर. छातीतली वरची मोठी शीर बंद झाली तर चेहरा आणि मान सुजते, छातीवर शिरांचं जाळं उठून दिसतं. पोटातल्या महाधमनीलाही फुगवटा येऊ शकतो.

तरण्या पुरुषांत हे जास्त दिसतं, आणि आजाराच्या पहिल्या काही वर्षांतच. बायकांना आजार होतो, पण वाहिन्यांचा गंभीर त्रास त्यांच्यात तुलनेनं कमी.

एक गोष्ट सर्जन मंडळींनाही आधीच सांगावी लागते. ह्या रुग्णांच्या धमनीत सुई घातली किंवा टाका घातला तर त्याच जागी नवा फुगवटा येऊ शकतो. त्वचेवर पुळी येते, तोच प्रकार आत. म्हणून शक्य असेल तिथं आधी औषधानं सूज दाबतात, मग हात लावतात. रक्तस्राव थांबतच नसेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा जांघेतून नळी घालून ती फांदी आतून बंद करतात.

कासपठार_सातारा

ह्यात कोल्चिसिन देतात असं वाचलं. ते आपल्या कळलावीत असतं. पावसाळ्यात आमच्याकडं कुंपणावर लाल-पिवळी फुलं दिसतात तीच. गावात एकजण कंद उगाळून देतो म्हणतात. कुणी घेतलंय का? भावासाठी विचारतोय, त्यालाही हा आजार आहे.

संधिवातवाली

दादा, कृपा करून नको. कळलावीत कोल्चिसिन असतं हे खरं, आणि म्हणूनच तो कंद जीवघेणा आहे. औषधाची गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची असते. कंदाच्या तुकड्यात किती आहे हे उगाळणाऱ्याला कळणं शक्यच नाही. त्यातून विषबाधा होऊन माणसं गेलेली आहेत. आणि कोल्चिसिन तोंडातल्या-खालच्या फोडांसाठी, सांध्यांसाठी, पायावरच्या गाठींसाठी. रक्तवाहिनीच्या सुजेला ते पुरत नाही. भावाच्या पायाला सूज आहे का? खोकला?

कासपठार_सातारा

नाही, फक्त तोंड आणि गुडघे. बरं झालं विचारलं. गावातल्यालाही जाऊन सांगतो.

द्राक्षबाग_तासगाव

मुलगी झोपली. आता उपचारांचं लिहिते.

रक्त पातळ व्हायची गोळी डॉक्टरांनी त्याच तासाला थांबवली. तीन दिवस शिरेतनं मिथाईलप्रेडनिसोलोन, रोज एक ग्रॅम. मग तोंडानं स्टिरॉईडच्या गोळ्या. त्याबरोबर सायक्लोफॉस्फामाईडचं सलाईन, महिन्यातनं एकदा, असे सहा. हे कॅन्सरमध्येही वापरतात, म्हणून गावात "ह्यांना कॅन्सर झाला" अशी हूल उठली. ते निस्तरायला मला वेगळी ताकद लागली.

सायक्लोफॉस्फामाईडनं पुढं मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो. आमची एक मुलगी आहे. वीर्य साठवून ठेवायची सोय असते हे डॉक्टरांनी सांगितलं, पण रक्त येत होतं, थांबायला वेळ नव्हता. ज्यांना वेळ आहे त्यांनी पहिल्या सलाईनच्या आधीच विचारा. संकोच करू नका. त्या दिवसांत पाणी भरपूर प्यायला लावायचे, मूत्राशयाला इजा होऊ नये म्हणून. लघवी लाल दिसली तर लगेच कळवायचं.

स्टिरॉईडनं चेहरा गोल झाला, साखर वाढली, झोप उडाली, चिडचीड झाली. एकदा शेजारच्या काकांनी "स्टिरॉईड वाईट, सोडून द्या" सांगितलं आणि ह्यांनी चार दिवस गोळी बुडवली. घरातच चक्कर येऊन पडले. अचानक बंद करायची नसते, शरीर स्वतःचं स्टिरॉईड तयार करायचं विसरलेलं असतं. आता डबीवर वार लिहिलेत, मी स्वतः देते.

सहा महिन्यांनी सीटी पुन्हा केलं. एक फुगवटा जवळजवळ गेलाय, दुसरा आकसलाय. रक्त पुन्हा आलं नाही. आता ॲझाथायोप्रिन, म्हणजे प्रतिकारशक्ती आवरणारी गोळी, चालू आहे. पायाची सूज पूर्ण गेली नाही, संध्याकाळी मोजा घालावा लागतो.

कृष्णाकाठ_औदुंबर

खर्चाचं विचारू का? आणि इन्फ्लिक्सिमॅब म्हणून जे इंजेक्शन असतं ते लागलं का?

द्राक्षबाग_तासगाव

नाही लागलं. आधीच्या औषधांनी आवरलं नाही तर ते द्यायचं ठरलं होतं, म्हणून त्याआधीची टीबीची तपासणी करून ठेवली होती. ते औषध अंगात झोपलेला टीबी जागा करू शकतं. आपल्या भागात हे फार महत्त्वाचं आहे.

खर्च दवाखान्यागणिक बदलतो. आकडा सांगून कुणाची दिशाभूल करणार नाही. दाखल झालात की पहिल्याच दिवशी आरोग्यमित्राला (सरकारी आरोग्य योजनेचा दवाखान्यातला मदतनीस) भेटा आणि योजनेत काय बसतं ते विचारा. मी चौथ्या दिवशी विचारलं, तोवर बरेच पैसे भरून झाले होते.

संधिवातवाली

ॲझाथायोप्रिन घेणाऱ्या सगळ्यांसाठी एक. सुरुवातीला पांढऱ्या पेशी आणि यकृताची तपासणी वेळच्या वेळी करा, चुकवू नका. भारतात काही जणांच्या पेशी ह्या गोळीनं झपाट्यानं उतरतात, ते जनुकावर असतं. आणि युरिक ॲसिड वाढलं म्हणून कुणी ॲलोप्युरिनॉल लिहून दिलं तर आधी सांगा की मी ॲझाथायोप्रिन घेतो. दोन्ही एकत्र झाली तर पेशी धोकादायक खाली येतात. स्टिरॉईड आणि अशा गोळ्या चालू असताना जिवंत जंतूंच्या लसी घ्यायच्या नाहीत, कुठलीही लस विचारून घ्या.

विट्याचा_बाळू

ताई, मी वर जे लिहिलं ते मागं घेत नाही, पण तुम्ही सविस्तर उत्तर दिलंत त्याबद्दल आभार. माझ्या चुलत भावाला डीव्हीटी झाली होती, सव्वीस वर्षांचा आहे. त्याला काल फोन करून तोंडाचं आणि डोळ्याचं विचारलं. दोन्ही नाही म्हणाला. पण विचारलं.

नवीन_सदस्य_सांगली

मी हा धागा तीनदा वाचला. पुरुष, एकोणतीस. ताईंनी तिसरी गोष्ट लिहिली ती मलाही आहे, तीन वर्षं. तोंड तर कायमच. गेल्या आठवड्यापासून उजवी पोटरी जड आहे, थोडी सुजलीय. घरी आई-वडील आहेत. डॉक्टरांसमोर तोंड उघडेल असं वाटत नाही. एकदा गेलो होतो, पित्ताचं सांगून परत आलो.

द्राक्षबाग_तासगाव

भाऊ, तोंड उघडू नका. कागद न्या. आजच रात्री लिहा: तोंड वर्षातनं किती वेळा, खाली किती वेळा, वण आहेत का, डोळा कधी लाल झाला, पाय कधीपासनं. खाली फोन नंबर लिहा. आत गेल्यावर फक्त हातात द्या आणि म्हणा, हे वाचा. उद्याच जा, पाय चोळू नका. खोकल्यात थेंबभर जरी रक्त दिसलं तर उद्याची वाट बघू नका, रात्रीच निघा. आई-वडिलांना फक्त पायाचं सांगा, बाकी सांगायचं तेव्हा सांगाल.

आमचे हे शेजारी बसलेत. ते म्हणतात, त्याला सांग की मीही पित्ताचंच सांगत होतो.

संधिवातवाली

आणि तिथं पायाचं डॉपलर करून घ्या. छातीचा फोटो किंवा सीटी लागेल का, हे त्यांना कागद वाचल्यावर ठरवू द्या.

नवीन_सदस्य_सांगली

गेलो. कागद दिला. बाईडॉक्टर होत्या, मला वाटलं संपलं. त्यांनी वाचला, दार लावून घेतलं आणि खुर्ची जवळ ओढली. पायात गुठळी आहे, गुडघ्याच्या मागं. छातीचं सीटी झालं, तिथं काही नाही. डोळ्याची तपासणी परवा मिरजेला. हातावर सुई टोचून पेनानं गोल करून दिलाय. अजून वीस तास व्हायचेत.